वाचकांचे प्रश्न : डीसी सर्वो आणि सहा नंबरची पिन

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की अँप्लिफायरच्या फीडबॅकमधला (आउटपुटचा थोडा हिस्सा परत इनपुटकडे नेणाऱ्या वाटेतला) इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काढून त्याजागी डीसी सर्वो लावता येतो. झालं, तेवढ्यावर इतक्या मेल आल्या की या वेळचं सदर सगळं त्यातच गेलं. टेप डेकच्या बेल्टबद्दल विचारणाऱ्यांनी जरा दम धरा, तुमचा नंबर पुढच्या वेळी. प्रश्न मी थोडे थोडे कापलेत. आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेवतो, यातलं काहीही करताना स्पीकर काढून बाजूला ठेवायचा आणि मेनच्या वायरीत सिरीज बल्ब लावायचा, नंतर मला जळका व्हॉइस कॉइल दाखवायला आणायचा नाही.

प्रश्न : काका, मी सांगलीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्वो म्हणजे मोटर ना? अँपमध्ये मोटर कुठून आली? आणि नेटवर एका सर्किटमध्ये सर्वोच्या ऑपअँपला एकच कंडेन्सर आहे नि दुसऱ्यात दोन, मग बरोबर कुठलं?

उत्तर : मोटर नाही रे. सर्वो म्हणजे आउटपुट काय झालंय ते बघून परत मागे जाऊन दुरुस्त करणारं काहीही. इथे बघायचंय ते स्पीकरच्या टोकावरचं डीसी. प्लस मायनस सप्लायवाल्या अँपमध्ये आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये कंडेन्सर नसतो, त्यामुळे गाणं बंद असताना आउटपुट नेमकं शून्यावर पाहिजे, पण इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर कधी शंभर टक्के सारखे नसतात, म्हणून १०, २०, कधी ५० मिलिव्होल्ट राहतात. २० च्या आत असलं तर खुशाल झोपावं, ५० पर्यंत चालवून घ्यावं, त्याच्या पुढे शोधावं.

सर्वो हे असं करतो : आउटपुटवरून १ मेगचा (दहा लाख ओहमचा) रेझिस्टर ऑपअँपला (दोन इनपुटमधला फरक खूप मोठा करणारा छोटा आयसी), ऑपअँपवर इंटिग्रेटर म्हणून कंडेन्सर, आणि ऑपअँपच्या आउटपुटवरून एक मोठा रेझिस्टर परत अँपच्या इनपुट स्टेजला. आउटपुटला प्लसकडे थोडं जरी डीसी राहिलं तरी इंटिग्रेटर ते साठवत साठवत जातो आणि उलट्या बाजूला ढकलत राहतो, शून्य होईपर्यंत. गाण्याचे २० हर्ट्झच्या वरचे सिग्नल तो जवळजवळ बघतच नाही, कारण तो फार हळू आहे, मुद्दामच हळू ठेवलेला.

आता एक का दोन. ते सर्वो परत कुठे आणून जोडलाय त्याच्यावर आहे. अँपच्या प्लस इनपुटला जोडायचा असेल तर सर्वोने उलटवलं पाहिजे, म्हणून साधा इन्व्हर्टिंग इंटिग्रेटर (ऑपअँपची पिन २ मायनस इनपुट, ३ प्लस इनपुट, ६ आउटपुट), १ मेग पिन २ ला, कंडेन्सर २ आणि ६ च्या मध्ये, पिन ३ ग्राउंड. एकच कंडेन्सर. पण अँपच्या फीडबॅकच्या टोकाला, म्हणजे मायनस इनपुटला, जोडायचा असेल, तर ते टोक आधीच उलटवतंय, मग सर्वोने उलटवायचं नाही. तेव्हा आउटपुटवरून १ मेग पिन ३ ला, ३ वरून कंडेन्सर ग्राउंडला, शिवाय पिन २ वरून १ मेग ग्राउंडला आणि दुसरा कंडेन्सर २ ते ६. दोन्ही जोड्या सारख्या असल्या की गणितात हा चोख इंटिग्रेटर निघतो, पाच दहा टक्के फरक असला तरी काही बिघडत नाही. म्हणजे दोन्ही सर्किटं बरोबरच आहेत, एकाचा सर्वो घेऊन दुसऱ्याच्या जागी लावला की गेलं.

कसं गेलं ते मी स्वतः बघितलंय. माझा पहिला सर्वो मी उलटा लावला होता, त्यात भर म्हणजे परत येणारा रेझिस्टर २२ के (२२ हजार ओहम) आणि फीडबॅकचाही २२ केच. चालू केलं, ऑपअँप दीड दोन सेकंदात १३ व्होल्टला जाऊन चिकटला आणि त्याच्या मागोमाग आउटपुट पण १३ व्होल्टला. वूफरचा कोन बाहेर येऊन तसाच थांबला, आवाज काही नाही, हम पण नाही, मी आपला वाकून बघतोय की काय झालं, आणि मग वास आला. ६ ओहमच्या कॉइलमध्ये १३ व्होल्ट म्हणजे २८ वॉट नुसती उष्णता.

तर तू काय कर, सर्वो जोडायच्या आधी दिशा तपासून घे. सर्वोचा रेझिस्टर ऑपअँपच्या बाजूने सोडव. फीडबॅकवाला प्रकार असेल तर त्या मोकळ्या टोकाला पेन्सिल सेलचा प्लस लाव, सेलचा मायनस ग्राउंडला. रेझिस्टर २२० के आणि फीडबॅक २२ के असेल तर आउटपुट साधारण १५० मिलिव्होल्टने मायनसकडे सरकलं पाहिजे. सरकलं, म्हणजे प्लसने ढकललं की आउटपुट खाली येतं, मग ऑपअँप पण आउटपुट प्लस असताना प्लसकडेच जाणारा पाहिजे, म्हणजे दोन कंडेन्सरवाला. एक सेल आणि मल्टिमीटर, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : सर, नाशिकहून लिहितोय. घरी केलेला ५० वॉटचा ट्रान्झिस्टर अँप आहे, सप्लाय ±३५, इनपुटला बीसी ५५६ ची जोडी, टेल करंट २ मिलिअँपियर. इनपुटला २२ के ग्राउंडला, फीडबॅक २२ के आणि १ के, १ के च्या खाली २२० मायक्रोफॅरड. तुमचं वाचून तो २२० चा कंडेन्सर शॉर्ट केला आणि टीएल ०७१ चा दोन कंडेन्सरवाला सर्वो २२० के मधून फीडबॅकच्या टोकाला दिला. आता आउटपुटला १.१ व्होल्ट येतंय!! आधी १८ मिलिव्होल्ट होतं. आयसी दोनदा बदलला. सर्वोने कमी व्हायचं सोडून वाढलं कसं?

उत्तर : अहो, सगळी माहिती दिलीत, फक्त पाहिजे ती एक दिली नाहीत. सहा नंबरच्या पिनवर किती व्होल्ट आहेत? मी न बघता सांगतो, प्लस १३ च्या आसपास आहेत. म्हणजे सर्वो बिचारा जीव तोडून ढकलतोय पण त्याचा हात पुरत नाहीये. आयसी दहा वेळा बदललात तरी हेच येणार.

बघा काय झालंय. २ मिलिअँपियरचा टेल, म्हणजे जोडीला मिळून जाणारा करंट, एकेका ट्रान्झिस्टरला १. ट्रान्झिस्टरचा गेन २०० धरला तर बेस करंट (त्याच्या इनपुटच्या पायातला) ५ मायक्रोअँपियर, आणि बीसी ५५६ पीएनपी, त्यामुळे तो करंट बेसमधून बाहेर येतो आणि तुमच्या २२ के मधून ग्राउंडला जातो. ५ गुणिले २२, म्हणजे ११० मिलिव्होल्ट, तिथेच इनपुटला बसलेत. ते पूर्वीही बसलेले होते हो! पण तेव्हा खाली कंडेन्सर होता, दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस करंट पण २२ के मधूनच जात होता, तिथेही ११०, दोन्हीकडे सारखं, वजाबाकी होऊन १८ राहिले. शिवाय कंडेन्सरमुळे डीसीला अँपचा गेन १ च होता. तुम्ही कंडेन्सर शॉर्ट केल्या क्षणी दोन्ही गोष्टी गेल्या. दुसऱ्या बाजूला आता २२ के आणि १ के पॅरलल, म्हणजे १ के च्या आत, तिथे जेमतेम ५ मिलिव्होल्ट. फरक १०५, आणि गेन डीसीलाही २३. करा गुणाकार, २.४ व्होल्ट.

आणि सर्वोची ताकद किती? ऑपअँप १३ व्होल्टपर्यंत जातो, २२ के भागिले २२० के म्हणजे दहावा हिस्सा, १.३ व्होल्ट. २.४ वजा १.३, राहिले १.१. तुमचा मल्टिमीटर एकदम बरोबर आहे.

ज्या सर्किटमध्ये कंडेन्सरच्या भरवशावर इनपुटचे रेझिस्टर ठरवलेत, तिथला कंडेन्सर उचलून सर्वो चिकटवला की हे होणारच. सर्वोला शेवटचे थोडे मिलिव्होल्ट उचलायला ठेवायचं असतं, बाकीचं आधी अँपमध्येच निस्तरायला लागतं. तर उपाय :

इनपुटचा २२ के काढून १० के टाका. ११० चे ५० होतील, आउटपुटचे २.४ चे साधारण १.०५. सर्वोचा २२० के काढून १०० के करा, म्हणजे त्याची पोहोच २.८ व्होल्ट होईल आणि सहा नंबरच्या पिनवर ५ च्या जरा खाली येऊन तो स्थिरावेल. मात्र इनपुटचा कपलिंग कंडेन्सर बघा, तिथे १ मायक्रोफॅरड असेल तर १० के बरोबर १६ हर्ट्झला कटतो, गाण्यातला बेस जाईल, ४.७ टाका म्हणजे ३.४ हर्ट्झ. सर्वोचे कंडेन्सर किती घातलेत ते लिहिलं नाहीत, बहुतेक १ मायक्रोफॅरड असतील, कारण सगळे तेच घालतात. १०० के बरोबर तिथे ०.२२ घाला, १ मेग तसाच ठेवा. १ मायक्रोफॅरड ठेवलात तर सर्वो इतका सुस्त होईल की चालू केल्यावर स्थिर व्हायला दहा पंधरा सेकंद जातील, ०.२२ ने टाइम कॉन्स्टंट एका सेकंदावर येतो आणि कट ऑफ ०.१६ हर्ट्झ, गाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पूर्ण ५० वॉटला, २० हर्ट्झवर, आउटपुटला २८ व्होल्ट पीक असताना ऑपअँपवर १ व्होल्टच गाणं दिसेल, ५ आणि १ मिळून ६, १३ च्या आत भरपूर जागा आहे. हा हिशेब करायचा विसरतात लोक, की ऑपअँप डीसीपण उचलतोय आणि वर गाण्यातला बेसही, दोन्ही मिळून तो टोकाला जाता कामा नये.

दुसरा रस्ता, तो बेस करंट बाहेरूनच पुरवायचा. इनपुटच्या बेसवरून मायनस ३५ ला ३.३ मेगचे दोन सिरीजमध्ये, त्यांच्या मध्यावरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड, नाहीतर सप्लायचा हम थेट इनपुटला येईल. ३५ भागिले ६.६ मेग, ५.३ मायक्रोअँपियर, जवळपास तुमचा बेस करंट. आमच्या वेळी हे खूप करायचे. अँप गरम झाल्यावर बेस करंट बदलतो आणि हे बदलत नाही, तो उरलेला फरक मग सर्वोने उचलायचा, तेवढ्यासाठीच तो आहे.

आणि तिसरा रस्ता, जो मी स्वतः घेतला असता : कंडेन्सरचा शॉर्ट काढा आणि सर्वो बाजूला ठेवा. १८ मिलिव्होल्ट होते तुमचे! २२० मायक्रोफॅरड १ के बरोबर ०.७ हर्ट्झला कटतो, पूर्ण आवाजात २० हर्ट्झला त्याच्यावर ३० मिलिव्होल्टच पडतात, एवढ्याशा व्होल्टेजला चांगला इलेक्ट्रोलिटिक काही डिस्टॉर्शन करत नाही. चांगल्या चाललेल्या अँपला माझ्यामुळे डिवचलंत त्याबद्दल सॉरी.

प्रश्न : नमस्कार, इचलकरंजी. दोन्ही चॅनलला मिळून एक डबल ऑपअँप, इन्व्हर्टिंग सर्वो, १ मेग आणि ०.४७ मायक्रोफॅरड. टीएल ०७२ मिळाला नाही म्हणून घरात होता तो एनई ५५३२ लावला, तो भारी आयसी आहे ना ऑडिओला? ऑफसेट डावीकडे १९०, उजवीकडे २३० मिलिव्होल्ट. पिन १ आणि ७ वर २ व्होल्टच्या आतच आहेत.

उत्तर : शाब्बास, तुम्ही ऑपअँपची आउटपुट पिन मोजलीत (डबलमध्ये ती १ आणि ७), त्यामुळे उत्तर एका मिनिटात. ऑपअँप टोकाला गेलेला नाही, आरामात बसलाय, तरी आउटपुटला डीसी. म्हणजे सर्वोच्या मते सगळं शून्यच आहे! ताकद आहे, मोजमाप चुकतंय. ५५३२ भारीच आहे पण बायपोलर आहे, त्याच्या इनपुटला २०० नॅनोअँपियरच्या आसपास करंट लागतो आणि तो तुमच्या १ मेग मधून ओढला जातोय. २०० नॅनो गुणिले १ मेग, २०० मिलिव्होल्ट. तेच मोजलंत. जुन्या ७४१ ने पण असंच होतं.

इथे फेट (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटचा ऑपअँपच पाहिजे, टीएल ०७२, एलएफ ४१२, असलं काहीतरी, त्यांना पिकोअँपियरमध्ये लागतो, १ मेग वर त्याचं काही उरत नाही, राहतो तो आयसीचा स्वतःचा ऑफसेट, टीएल ०७२ ला ३ मिलिव्होल्टच्या आसपास. ओपीए २१३४ आणखी बरा, पण फार स्वस्तात मिळाला तर समजून घ्या की आत दुसरंच कोणीतरी बसलंय आणि वर नाव छापलंय. गाणं या आयसीतून जातच नाही, त्यामुळे आवाज गोड कुठल्याचा हा विचार इथे करायचाच नाही. आणि कंडेन्सर मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीन. कोणी ०.४७ च्या जागी इलेक्ट्रोलिटिक ठोकला तर त्याचं लीकेज पण १ मेग मधूनच जाणार, पुन्हा तोच घोळ.

प्रश्न : फोंड्याहून. माझ्या अँपमध्ये सर्वो अँपच्या प्लस इनपुटला २२० के मधून दिलाय, तिथे २२ के ग्राउंडला, आणि इनपुट ४.७ मायक्रोफॅरडमधून. सर्वो १ मेग आणि ०.१. गेन २३. ऑफसेट ३ मिलिव्होल्ट, एकदम मस्त. पण चालू केलं की किंवा बेसचा जोरात ठोका आला की वूफरचा कोन आत बाहेर आत बाहेर डुलतो, सेकंदाला दोनेक वेळा, मग हळूहळू थांबतो. गंमत म्हणजे सीडी प्लेयरची वायर काढली की डुलत नाही! प्लेयर दुरुस्तीला दिला, ते म्हणाले काही दोष नाही.

उत्तर : प्लेयर परत आणा, तो निर्दोष आहे. वायर काढल्यावर थांबतं हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं, त्यातच सगळं आहे.

तुमचा सर्वो अँपच्या इनपुटला ढकलतोय, आणि त्याच ठिकाणी ४.७ चा कंडेन्सर लागलाय. प्लेयर जोडलेला असतो तेव्हा त्या कंडेन्सरचं दुसरं टोक प्लेयरच्या आउटपुटमधून जवळजवळ ग्राउंडलाच असतं. म्हणजे सर्वोने काही पाठवलं की आधी तो कंडेन्सर भरायला लागतो, २२ के आणि २२० के मिळून २० के, ४.७ बरोबर १.७ हर्ट्झ. आता सर्वोचा स्वतःचा वेग बघा. १ मेग आणि ०.१ म्हणजे १.६ हर्ट्झ, इनपुटला अकरावा हिस्सा पोचतो पण पुढे गेन २३, एकूण साधारण दुप्पट, ३.३ हर्ट्झ. सर्वो ३.३ च्या वेगाने दुरुस्ती पाठवतोय आणि ती पोचायला वाटेत १.७ वाला अडथळा. उशिरा पोचलेली दुरुस्ती म्हणजे पुढे निघून गेलेली दुरुस्ती, मग परत मागे, परत पुढे. थंड पाण्याचा नळ लांब असला की अंघोळीचं पाणी कसं कधी पोळतं कधी गारठतं, तसं. तुमच्या आकड्यांनी हे डुलणं सव्वादोन हर्ट्झच्या आसपास येतं, सेकंदाला दोनेक वेळा, तुम्ही मोजलंत तसंच. प्लेयर काढला की कंडेन्सरचं टोक हवेत, अडथळाच नाही, सर्वो सरळ चालतो.

उपाय सोपा, ०.१ काढून १ मायक्रोफॅरड घाला, मायलरचा. सर्वोचा वेग ०.३३ हर्ट्झवर येईल, १.७ त्याच्या पाचपट, डुलणं संपलं. माझा ठोकताळा असा की वाटेतला अडथळा सर्वोच्या वेगाच्या निदान चौपट वर पाहिजे, दुपटीच्या खाली गेला की त्रास सुरू. कोणी सांगेल ४.७ कमी करून १ करा, त्यानेही जातं, पण मग ८ हर्ट्झला कट होऊन २० हर्ट्झला अर्धा डीबीपेक्षा जास्त बेस जातो, उगाच कशाला.

तुमच्या मेलच्या शेवटी एक वाक्य होतं, सर्वो असल्यामुळे अँप आता शून्य हर्ट्झपर्यंत वाजवतो. नाही वाजवत. सर्वो स्वतःच खालचं कापतो, कंडेन्सरसारखंच, फक्त जरा खाली.

प्रश्न : दादा, पुण्याहून लिहितेय. सर्वो बसवलाय आणि छान चालतोय, मग डीसी प्रोटेक्शनचा (आउटपुटला डीसी आलं की स्पीकर तोडणारा) रिले काढून टाकू का? जागा कमी आहे कॅबिनेटमध्ये. सर्वोची वायर मी स्पीकर टर्मिनलवरून घेतलीये, तिथेच सोपं पडलं.

उत्तर : ताई, काढू नका! आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पूर्ण ३५ व्होल्ट स्पीकरला जातात, ६ ओहमच्या कॉइलमध्ये २०० वॉट. सर्वो त्याचा व्होल्ट दोन व्होल्टचा हात घेऊन तिथे काय करणार? यूपीसी १२३७ या प्रोटेक्शन आयसीचा साधा बोर्ड असतो तो पण चालेल, पण रिले पाहिजेच. चालू करताना तीन चार सेकंद उशिरा तो जोडतो, तेवढ्यात सर्वो पण स्थिरावतो, नाहीतर रोज धप्प.

वायर मात्र आजच हलवा. टर्मिनल रिलेच्या पलीकडे आहे ना? मग रिले उघडा असताना सर्वोला स्पीकरमधून ग्राउंडच दिसतं, अँपचं आउटपुट दिसतच नाही, तो आपल्याच दोन मिलिव्होल्टच्या ऑफसेटवर कुठेतरी वाहवत जातो आणि रिले लागला की तुम्हाला ठोका. वायर रिलेच्या आधी, अँपच्या बाजूला जोडा.

अजून एक, सर्वो दोष झाकतो. इनपुटचा एखादा ट्रान्झिस्टर लीक व्हायला लागला तरी आउटपुटला तुम्हाला ३ मिलिव्होल्टच दिसणार, कारण सर्वो गुपचूप जास्त ढकलतोय. मी माझ्या अँपच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर तारीख आणि सहा नंबरच्या पिनचं व्होल्टेज लिहून ठेवतो. एकात २०१९ ला ०.८ होतं, दोन वर्षांनी ६.५ सापडलं, आउटपुट तोपर्यंत चकाचक शून्य. इनपुटच्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर जाण्याच्या बेतात होता.

प्रश्न : एलएम ३८८६ ला (एकाच चिपमधला पॉवर अँप) सर्वो लावू का? परभणी.

उत्तर : नको. फीडबॅकच्या खाली कंडेन्सर ठेवा, दोन्ही इनपुटला डीसीला सारखाच रेझिस्टन्स दिसेल असं बघा, पाच दहा मिलिव्होल्टच्या आसपास येईल. बस झालं.

प्रश्न : रत्नागिरीहून. तुमच्या जुन्या उत्तरावरून चार वर्षांपूर्वी दोन कंडेन्सरवाला सर्वो केला, टीएल ०७२, १ मेग, ०.२२, सप्लाय झेनरचा ±१५. डिसेंबरात ऑफसेट २ नि ४ मिलिव्होल्ट. जून लागला की डावा चॅनल चढत चढत प्लस १०० ते १५० वर जातो, उजवा मात्र ५ च्या वर जात नाही. गणपती होऊन पाऊस ओसरला की आपोआप खाली. आयसी बदलला, डावी उजवी जोडणी उलटसुलट करून बघितली, ऑपअँपच्या पहिल्या हाफवर जो चॅनल टाकेन तोच चढतो. पिन १ वर २ व्होल्टच्या आतच असतात.

उत्तर : हे पत्र वाचून मी चहा ठेवून आधी डेटाशीट उघडली. पिन १ शांत आहे आणि तरी आउटपुटला डीसी, म्हणजे इचलकरंजीसारखंच, मोजमाप चुकतंय. पण आयसी तर फेटचा आहे. मग १ मेग मधून करंट ओढतंय कोण?

टीएल ०७२ समोर धरा. पहिल्या हाफचा प्लस इनपुट पिन ३. तिच्या अगदी शेजारी पिन ४, मायनस १५. मध्ये दहावा भाग इंच. दुसऱ्या हाफचा प्लस इनपुट पिन ५, तो पिन ४ च्या समोरच्या रांगेत, तिप्पट लांब. आता त्या ३ आणि ४ च्या मध्ये बोर्डवर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलाय, पिवळट चिकट, तो कोरडा असताना काही करत नाही, पण कोकणातला जुलै, हवेतलं पाणी तो पिऊन बसतो. १०० मेगओहम जरी लीकेज झालं तरी १५ व्होल्टला ०.१५ मायक्रोअँपियर, आणि १ मेग वर १५० मिलिव्होल्ट. पिन ३ तेवढी मायनसकडे ओढली जाते, सर्वोला वाटतं आउटपुट खाली गेलंय, म्हणून तो ते वर उचलतो. प्लस १५०. दिशासुद्धा जुळते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या, बोर्ड दोन्ही बाजूंनी घासा, विशेषतः आयसीच्या पायांच्या मध्ये, सॉकेट असेल तर सॉकेटच्या खाली पण, तिथेच जास्त साचतं. पुसून घेतलं तर तो फ्लक्स नुसता पसरतो, म्हणून दुसऱ्यांदा स्वच्छ अल्कोहोलने धुऊन खाली गळू द्या. हेअर ड्रायरने वाळवा आणि वाळल्यावर लगेच लॅकरचा एक हात मारा, ओल्या बोर्डावर मारलात तर पाणी आतच कोंडेल. बोर्ड परत करणार असाल तर ३ आणि ४ च्या मधून ग्राउंडची एक बारीक पट्टी न्या, आणि १ मेग च्या जागी २२० के, ०.२२ च्या जागी १ मायक्रोफॅरड, वेग तोच राहतो नि लीकेजचा परिणाम साडेचारपटीने कमी. धुतल्यावर भर पावसातलं रीडिंग मला कळवा, डिसेंबरातलं नको.